माळावर सॅडल चालत नाही म्हणे!

कॅन्ससमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांत सॅडलबद्दल, म्हणजे झाडाला लटकून बसायच्या पट्ट्याबद्दल, एक सल्ला सारखा फिरतोय: “उघड्या माळावर सॅडल फुकट. वापरायचंच असेल तर सरळसोट, जाडजूड, एकटं झाड बघा आणि पंचवीस फूट चढा.” (भारतात 1972च्या कायद्याने शिकारच बंद आहे, हे इकडचं, अमेरिकेतलं, परवान्याचं.)

सरळसोट का? ती अट खोडावर सरकत चढणाऱ्या मचाणाची. सॅडल म्हणजे कमरेला पट्टा, खोडाला दोर आणि पायाखाली छोटी फळी. त्याला वाकडं, दोन खोडांचं, फांद्यांनी भरलेलं झाडही चालतं आणि माळावर मिळतात ती अशीच: ओढ्याकाठचे कॉटनवूड, काटेरी तार येण्याआधी कुंपण म्हणून लावलेल्या ओसेज ऑरेंजच्या रांगा. सरळ, देखणा अ‍ॅश दिसला तर आधी जिवंत आहे का बघा. हिरव्या भुंगेऱ्याने मारलेल्या अ‍ॅशचं लाकूड ठिसूळ होतं, त्याला दोर बांधणं म्हणजे जिवाशी खेळ.

जाडजूड म्हणाल, तर म्हाताऱ्या कॉटनवूडला कमरेचा दोर पलीकडून फिरवूनच दाखवा! आपल्या धडाएवढं खोड पुरतं. हरीण येईल त्या बाजूला खोड ठेवायचं आणि त्याच्याआड लटकायचं. फार बारीकही नको, इथल्या वाऱ्यात ते डुलतं नि नेम हुकतो.

खरा घोळ उंचीचा आहे. नोव्हेंबरात नर माजावर असतात आणि झाडं उघडी पडलेली. पंचवीस फुटांवर तुमच्या मागे नुसतं आभाळ. हरणाला लाल-नारिंगी नीट कळत नाही, पण आभाळावर हललेला हात लगेच कळतो. शिवाय तिथून बाण इतका तिरका जातो की दोन्ही फुप्फुसं सापडणं अवघड. एकच भेदलं तर जनावर जखमी होऊन लांब निघून जातं. त्यापेक्षा बारा-पंधरा फुटांवर थांबा, पण मागे रेड सीडर हवा. तो बारमाही हिरवा, त्याच्या काळोख्या पानोळ्यात माणूस विरून जातो.

एकट्या झाडावरून मैलभर दिसतं, हे खरं. पण बाण सोडायचा वीस-तीस यार्डांवर, आणि त्या झाडापर्यंत चालत जाताना तुम्हीही मैलभरावरून दिसता. कोरड्या ओढ्याच्या पात्रातून गुपचूप गाठता येईल ते झाड घ्या. वारा दक्षिणेचा असेल तर हरणांच्या वाटेच्या उत्तरेचं, म्हणजे तुमचा वास हरणांकडे जाणार नाही. थंडीची लाट येऊन वारा उत्तरेचा झाला, की त्या दिवशी दुसरं झाड.