पट्टी बांधणारा कुठेय?

कलेतल्या शुश्रूषेवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात डच चित्रकार व्हॅन गॉगच्या १८८९च्या आत्मचित्राला 'शुश्रूषेचं चित्र' म्हणणं पटलं नाही. कानावर पट्टी आहे खरी, पण ती बांधणारा चित्रात कुठेच नाही. तिथे दिसते ती जखम आणि एकटेपणा.

शुश्रूषाच बघायची असेल तर बर्लिनच्या संग्रहालयातला ग्रीक प्याला बघा, इ.स.पू. ५००च्या सुमाराचा. कुंभार सोसिआस, त्याची सही आहे त्यावर. आत, वाइन संपत आली की दिसेल अशा जागी, ग्रीक योद्धा अकिलीस त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी गुंडाळतोय. उपटलेला बाण बाजूला पडलाय. दाढीवाला पॅट्रोक्लस तोंड फिरवून बसलाय, कळ सोसताना त्याचे दात दिसतात. आणि अकिलीस, ज्याच्या रागावर होमरचं अख्खं इलियड हे महाकाव्य उभं आहे तो, शाळकरी पोरासारखा मान खाली घालून पट्टीत गढलाय!

गंमत म्हणजे इलियडमध्ये हा प्रसंगच नाही. तिथे उलट पॅट्रोक्लसच युरिपायलस या जखमी योद्ध्याच्या मांडीतला बाण कापून काढतो, जखम कोमट पाण्याने धुतो, वर कडू मुळी चोळून लावतो. ही विद्या त्याला शिकवली अकिलीसनेच. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर हा प्याला घ्याच.