अवयव आहेत एवढं नक्की, कोणते ते कुणालाच माहीत नाही

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चार कोटी दहा लाख अंकांची मूळ संख्या सापडली तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या, आमच्या ग्रुपवर पण फॉरवर्ड फिरत होते. कौतुक आहेच, नाही कोण म्हणतंय. पण मला विचाराल तर मूळ संख्यांचे जरा जास्तच लाड चाललेत. खरी गंमत संयुक्त संख्यांमध्ये आहे आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझी लाडकी संख्या सांगतो. २ चा १२७७ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. ३८५ अंकी आकडा येतो. हा संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, शंका घ्यायला जागाच नाही. म्हणजे स्वतःपेक्षा लहान दोन संख्यांचा गुणाकार करून तो येतोच येतो. त्या दोन संख्या कोणत्या? मी हे लिहितोय तोवर तरी जगात कुणालाच माहीत नाही. एकसुद्धा अवयव सापडलेला नाही!

आता कुणीतरी विचारणारच की अरे, अवयव सापडला नाही तर संयुक्त आहे हे कशावरून, आम्हाला तर शाळेत भागून बघायला शिकवलं होतं. अवयव शोधत एकेका संख्येने भागत बसायची गरजच नसते. ल्युका आणि लेमर या गणितज्ञांची एक पद्धत आहे, ती फक्त असल्या "२ चा घात वजा १" वाल्या संख्यांना चालते आणि घात विषम मूळ संख्या असावा लागतो. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची, आणि हेच परत परत, घातापेक्षा दोनने कमी वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ घ्या (घात ५, म्हणजे तीनदा): ४, १४, ८, ०. मूळ. आता २०४७ घ्या, घात ११, म्हणजे नऊ वेळा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही आलं, विषय संपला, संयुक्त. आणि या १७३६ कडे कितीही टक लावून बघा, २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९ हे त्यात कुठेही दिसत नाही. मला हे भारी वाटतं राव.

हे काही आजचं नाही. मर्सेन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १६४४ मध्ये २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ म्हणून ठोकून दिली होती. १८७६ मध्ये ल्युकाने ती संयुक्त आहे हे दाखवलं, पण अवयव त्याच्याकडेही नव्हते. ते दिले फ्रँक नेल्सन कोलने, १९०३ मध्ये: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. कॉम्प्युटर वगैरे काही नाही, हाताने, विचार करा.

२००२ मध्ये आपल्या आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी तर कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवता येतं हे पक्कं सिद्ध केलं (झटपट म्हणजे गणितवाल्यांच्या अर्थाने, अंक वाढले तरी वेळ हाताबाहेर जात नाही). अवयव पाडायला मात्र साध्या कॉम्प्युटरवर चालणारी तशी पद्धत आजही कुणाकडे नाही. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारं आरएसए नावाचं कुलूप याच भरवशावर उभं आहे. अवयव पाडून दाखवा म्हणून आरएसएवाल्यांनी ज्या संख्या दिल्या होत्या, त्यातलं २५० अंकी आव्हान २०२० मध्ये फुटलं, ६१७ अंकीवालं अजून तसंच.

१२७७ वालीबद्दल एवढं माहीत आहे की तिचा प्रत्येक अवयव २५५४ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकने जास्त असणार. म्हणजे शोधायचं काम बरंच कमी झालं, तरी लोक वर्षानुवर्षं मशीन लावून बसलेत आणि हाताला काही लागलेलं नाही.

"याचा उपयोग काय" असं कमेंटमध्ये विचारणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, काही नाही. ते अवयव मिळाले म्हणून तुमच्या बँकेचं काही बिघडणार नाही आणि पेट्रोलही स्वस्त होणार नाही. तरी ज्या दिवशी सापडतील त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून तो गुणाकार हाताने करून बघणार आहे.