एक तारा मिळालेल्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर: 'एका कमांडचं काम' नक्की काय होतं

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा का दिलात, यावर वाद घालत नाही. पण तो वाचून उद्या दुसरं कुणी घरी तेच करायला जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: लाइट गेली आणि घरच्या सर्व्हरची ४ टीबीची डिस्क माउंट होईना, म्हणजे उघडेचना. भाच्याने ती जुन्या लिनक्स लॅपटॉपला लावून फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली ठेवायची मांडणी) तपासायची कमांड दिली, ती चालली नाही. आम्ही 'सॉफ्टवेअर अपडेट करून तीच कमांड मारली', त्याला आठवडा लावला, फुकटच्या प्रोग्रॅमचे पैसे लावले आणि वर काही फोटो नावाऐवजी नुसते आकडे घालून परत दिले.

आधी न चाललेली कमांड. भाच्याने काढलेला स्क्रीनचा फोटो तुम्ही काउंटरवर दाखवला होता. 'फीचर सी१२' ओळखता येत नाही, ई२एफएससीकेची (म्हणजे त्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती आणा, एवढंच त्यात होतं. डिस्क गेली असा त्याचा अर्थ तुम्ही घेतलात. बहुतेक लोक तसाच घेतात. पण त्या ओळीचा बिघाडाशी काही संबंध नाही. ई२एफएससीके ज्या ई२एफएसप्रॉग्स संचात येतो, त्याची १.४७.० ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. तिथपासून मूळ सेटिंगमध्ये नवीन एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) बनवताना 'ऑर्फन फाइल' नावाची सोय आपोआप चालू होते, तीच ही 'सी१२'. नाव पुसलं गेलंय पण एखादा प्रोग्रॅम अजून उघडून बसलाय, अशा फाइलींची नोंद तिच्यात राहते. १.४६ आवृत्ती असलेल्या लॅपटॉपला ही सोय माहीतच नाही, म्हणून त्याने हात लावायला नकार दिला. सी गटातली, म्हणजे 'कम्पॅटिबल' प्रकारातली, अनोळखी सोय कर्नल (लिनक्सचा गाभा) एरवी खपवून घेतो. तपासणारा प्रोग्रॅम खपवून घेत नाही, कारण जी सोय कळत नाही ती त्याला नीट तपासता किंवा दुरुस्त करता येत नाही. भाच्याचा लॅपटॉप जुना निघाला हे तुमचं नशीब, असं मी तेव्हाही म्हणालो होतो. तुम्हाला ते बहुधा टोमण्यासारखं वाटलं.

मग नवी आवृत्ती टाकून, सगळ्याला 'हो' म्हणणारा '-वाय' देऊन मोकळं का झालो नाही? कारण हा प्रोग्रॅम दुरुस्ती थेट डिस्कवर करतो, आणि त्याच्यातही बग निघतात. २०२२ मध्ये उघड झालेला सीव्हीई-२०२२-१३०४ घ्या (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या बगांना दिलेला जाहीर नंबर). एक्स्ट४ मध्ये फाइलीचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत, याची नोंद झाडासारखी ठेवलेली असते. त्या झाडाच्या टोकाच्या एखाद्या पानात एकही नोंद नसेल, तर जुना कोड ते न तपासता पुढे जायचा आणि मेमरीत भलतीकडेच वाचायचा, लिहायचा. दुरुस्ती तशी छोटी आहे: पुढे जाण्याआधी पान रिकामं नाही ना ते बघायचं, आणि मेमरीत किती बाइट सरकवायचे तो आकडा शहाणासुरता आहे ना तेही बघायचं. ती १.४६.६ आणि १.४७.० मध्ये आली. त्याआधी २०१९ मध्ये कोटा फाइल (कुणी किती जागा वापरली त्याची नोंद) वाचताना असाच बग सापडला होता (१.४५.४ मध्ये गेला), मग डिरेक्टरी (फोल्डर) नव्याने रचताना आणखी एक (१.४५.५ मध्ये गेला).

'हे बग मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कसाठी असतात' असं भाच्याने फोनवर सांगितलं. बगच्या जाहीर सूचनेत तसं लिहिलेलं असतं, खरं आहे. पण अर्धवट लिहून बंद पडलेली डिस्क कुणी मुद्दाम बिघडवली की लाइटने, हे कोडला कसं कळणार? आणि नुसता आवृत्तीचा आकडा बघूनही भागत नाही. डेबियन, उबंटू असे लिनक्सचे संच देणारे सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आकड्यात घालून देतात. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) उघडून बघावा लागतो. आम्ही बघतो.

आता वेळ. मूळ डिस्कवर आम्ही एक अक्षरही लिहीत नाही. आधी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण प्रत. ४ टीबी सेकंदाला १५० एमबीने वाचली तरी साडेसात तास लागतात, आणि तुमच्या डिस्कवर खराब सेक्टर होते. त्या जागी वाचन रांगतं. मग प्रतीवर '-एन' देऊन फक्त यादी काढली. काय बदलणार ते आधी वाचलं आणि त्यानंतर दुरुस्ती चालवली, तीही '-झेड' देऊन, म्हणजे प्रत्येक बदलाआधीचा मजकूर वेगळ्या फाइलीत राहतो आणि ई२अनडूने मागे जाता येतं. एकदा मागे गेलोही. एका मोठ्या फोल्डरचा आयनोड, म्हणजे डिस्कवरची त्याची मूळ क्रमांकित नोंद, प्रोग्रॅम पुसायला निघाला होता. '-वाय' असता तर विचारलंही नसतं. पावतीवरचे पैसे या कामाचे आहेत. सॉफ्टवेअर तुम्हालाही फुकट आहे, मलाही.

आकड्यांच्या नावांचं सांगतो. फाइलीचं नाव फाइलीत नसतं, फोल्डरच्या नोंदीत असतं. ती नोंद गेली की फाइल 'लॉस्ट+फाउंड'मध्ये आयनोडचा नंबर घेऊन येते. नाव आणायला काही उरलेलंच नसतं. फोटोच्या आत कॅमेऱ्याने घातलेली तारीख मात्र शाबूत असते, म्हणून ते सगळे फोटो महिन्यावार लावून दिले आहेत. नव्या ड्राइव्हवर 'तारखेनुसार' असं फोल्डर आहे. ते उघडलेलं दिसत नाही, एकदा बघा. बाकी डिस्कवर काय होतं ते इथे लिहिणार नाही.

मूळ डिस्क जशी आली तशीच सीलबंद तुमच्याकडे आहे. दुसरीकडे दाखवायची असेल तर खुशाल दाखवा. आधी आणि नंतरच्या तपासणीचे लॉग आमच्याकडे आहेत, पावती घेऊन भाच्याला पाठवा, त्याच्यासमोर उघडतो. आणि सर्व्हर परत चालू करण्याआधी एक छोटा यूपीएस घ्या. आमच्याकडूनच घ्या असं नाही.