पाचट टाकलं की तण कायमचं बंद? नाही हो

"वाफ्याला विटांची कड लावा, वर पाचट नाहीतर पालापाचोळा टाका, परत कधी खुरपं धरावं लागणार नाही" असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. अर्धं खरंय. मल्चिंगमुळे (म्हणजे मातीवर असं आच्छादन टाकल्याने) मातीवर ऊन पडत नाही म्हणून खाली पडलेलं बरंच बी उगवत नाही, पण त्यासाठी थर ३-४ इंच हवा, मूठभर पसरून काही होत नाही आणि ते कुजतं पण, म्हणजे अधूनमधून भर टाकावीच लागते.

आता लव्हाळा हे तण घ्या. त्याच्या गाठी जमिनीत असतात, कोंब सुईसारखा टोकदार, तो प्लास्टिकचा मल्चिंग पेपर पण फोडून वर येतो तिथे पाचटाचं काय घेऊन बसलात! आधी गाठीसकट खणून काढा, मगच मल्च. हरळी हे गवत बाजूने पसरतं, म्हणून विटा नुसत्या वर मांडून ठेवल्या तर ते फटीतून, खालून आत येणारच, कड जमिनीत निदान ५-६ इंच गाडा आणि वरून आत येणारे धुमारे कापत राहा. गाजर गवताचं बी तर वाऱ्यावर उडत येऊन मल्चवरच रुजतं, पण तिथे ते हलकं उपटून निघतं हा खरा फायदा. (फुलावर आलेलं गाजर गवतच कापून मल्च म्हणून टाकणारे महाभाग पण आहेत, म्हणजे बी आपणच पेरायचं!)

आणि झाडाच्या बुंध्याला चिकटवून ढीग लावू नका, पावसाळ्यात बुंधा सडतो.