कयाकवर ५ इंची पुरते भाऊ

फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे अन् तळ स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) कोणतं घ्यावं यावरच्या लेखात ९ इंची स्क्रीन घ्या म्हटलंय, पण भाऊ कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीत, ती लावणार कुठं, वल्हं मारताना हात आपटतो नं तिच्यावर. मी नागपूरहून रामटेकच्या खिंडसी तलावावर मासे धरायला जातो, ५ इंची फिश फाइंडर अन् १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी, सकाळ ते दुपार आरामात निघते. मला खिंडसीचा खोलीचा तयार नकाशा कुठंच मिळाला नाही, म्हणून चालता चालता स्वतः नकाशा बनवणारं मॉडेल घ्या, गार्मिन कंपनीच्या स्ट्रायकर प्लसमध्ये क्विकड्रॉ नावाची तशी सोय आहे, दर १-१ फूट खोलीच्या रेषा उमटतात, बुडालेला जुना बांध सापडला की लई आनंद होतो! अन् यंत्र खाली सोडतं त्या ध्वनिलहरींच्या २० अंशाच्या बीममध्ये (झोतात) १५ फूट पाण्यात तळाचा जेमतेम ५ फुटांचाच गोल दिसतो हे ध्यानात ठेवा.