"पुन्हा लाव"

आज लातूरला एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगती उठल्यावर पुतण्या कोपऱ्यात बसून काहीतरी ऐकत होता. एका वडीलधाऱ्यांनी त्याच्या कानातला इअरफोन ओढून काढला, स्वतःच्या कानाला लावला आणि चारचौघांत म्हणाले, "श्रीमंतांच्या पोरांचं रडगाणं हे. आपल्या मातीशी काय संबंध?" पोरगं मान खाली घालून बसलं. सोयऱ्यांचं घर म्हणून मी गप्प राहिलो. तेच दिवसभर टोचतंय.

तो ऐकत होता आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचं 'एव्हरीबडी हर्ट्स', म्हणजे दुखतं सगळ्यांनाच.

मातीशी संबंध? सांगतो.

१९९३. मी औरंगाबादला हॉस्टेलवर. रूममेट सास्तूरकडचा. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचं माळवद त्याच्या आईवर आणि धाकट्या बहिणीवर बसलं. महिन्याभरानं तो परत आला तेव्हा त्याच्याशी काय बोलावं हे आमच्यातल्या एकालाही सुचेना. मेसमध्ये त्याच्या ताटात एक पोळी जास्तीची टाकायचो, बस्स.

माझ्याकडे पुण्याच्या मावसभावानं भरून दिलेली कॅसेट होती, हेच गाणं असलेला आर.ई.एम.चा अल्बम 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'. एका रात्री अंधारातून आवाज आला, "काय ऐकायलास?" मी वॉकमन त्याच्या हातात दिला.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला पोरगा, इंग्रजीशी कायम भांडण. पण अर्थ विचारला नाही त्यानं. गाणं संपलं तसं म्हणाला, "पुन्हा लाव."

आणि ते त्याला कळलं, यात नवल नाही. या बँडचा गायक मायकेल स्टाइप सुरुवातीच्या अल्बमांत शब्द तोंडातल्या तोंडात गाण्याबद्दल प्रसिद्ध. इथं मात्र एकेक शब्द स्वच्छ, साधा. कोवळ्या वयाच्या पोरांना थेट पोचावं म्हणून गाणं असं सरळ ठेवलं, असं त्यांचा गिटारवाला पीटर बक सांगतो. गाणं मुख्यतः ड्रमर बिल बेरीचं, आणि ठेका मात्र मशीनचा! आणि अल्बमचं नाव? त्यांच्या गावातल्या, जॉर्जियातल्या अथेन्समधल्या, एका साध्या खानावळीचं ते घोषवाक्य. कुठली आली यात श्रीमंती? पुढं पैसा मिळवला त्यांनी, बरं, मिळवला. मरण, म्हातारपण, निसटून गेलेली माणसं यांच्यावरचा १९९२चा हा अल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेला, जगात दीड कोटीच्या वर खपला. तोही दौरा न काढता. दुःखी काय सगळे श्रीमंतच होते का?

आपल्या भजनात जे आहे ते तिथं नाही, मान्य. पण त्या रात्री त्या खोलीत भजन म्हणणारं कुणी नव्हतं हो. मी होतो, आणि मला काही येत नव्हतं.

सेल उतरत आले होते. पेन घालून रीळ मागं फिरवत होतो. "पुन्हा लाव." चौथ्या वेळी तो रडला. गावाहून आल्यापासून पहिल्यांदा. मी नुसता शेजारी बसून होतो.

म्हणून राग आला. लेकराच्या कानातलं ओढताना एकदा विचारायचं तरी, बाळा, काय झालंय तुला? मीही विचारलं नाही. माझी चूक त्यांच्यापेक्षा मोठी, कारण मला माहीत होतं ते गाणं कुणाला लागतं.

आता फोन केला होता, उचलला नाही त्यानं. बाळा, हे वाचशील तर उद्या घरी ये. काकू धपाटे करणार आहे. आपण दोघं तो अल्बम पहिल्यापासून लावू. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नुसतं ऐकू.