रीस्टार्ट केलं की रॅम कोरी? तुमच्या कॉमेंटवर जरा सविस्तर

दादा, कॉमेंट तिखट आहे पण आवडली, निदान लेख पूर्ण वाचून मग चिडलात. लेखात मी लिहिलं होतं की रीस्टार्ट केलं तरी रॅममधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतला, डेटा लगेच पुसला जात नाही. तुमचं म्हणणं असं की रॅम व्होलटाइल असते, म्हणजे वीज गेली की पुसली जाते, हे अकरावीतलं पोरगंपण सांगेल, तुम्ही स्वतः रीस्टार्ट करून सी भाषेत मोठा मॅलॉक (प्रोग्रामसाठी मेमरी मागायचं फंक्शन) मारून बघितला तर सगळे शून्यच आले, आणि मी उगाच लोकांना घाबरवतोय.

आधी माझी चूक. रीस्टार्ट, शटडाउन, स्लीप सगळं मी एकाच पातेल्यात ढवळलं, ते मान्य.

पण ते शून्य रॅमचे नाहीत हो, ते कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, दिलेले आहेत! दुसऱ्याचा उष्टा डेटा तुमच्या प्रोग्रामला दिसू नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम पेज (मेमरीचा तुकडा) हातात देण्याआधी पुसून देते. म्हणजे हॉटेलात ताट स्वच्छ आलं म्हणून त्यात आधी कुणी जेवलंच नाही असं म्हणण्यासारखं झालं. खरं बघायचं तर ऑपरेटिंग सिस्टिम चढायच्या आधी पेनड्राइव्हवरून छोटासा प्रोग्राम बूट करून मेमरी वाचावी लागते.

रॅममधला एकेक बिट म्हणजे वीज साठवणारा इवलासा कपॅसिटर, माठासारखा पाझरत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो परत भरावा लागतो. पण हा आकडा सगळ्यात गळक्या सेलला, म्हणजे बिटाच्या खणाला, धरून ठेवलाय, बाकीच्या बऱ्याच सेल्स वीज गेल्यावरही काही सेकंद तग धरतात. आणि साध्या रीस्टार्टमध्ये रॅमची वीज बहुतेक वेळा जातच नाही, मग पुसणार कोण? लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममधलं रॅमऊप्स ह्यावरच चालतं, कर्नल कोसळला की शेवटचा लॉग रॅमच्या राखीव कोपऱ्यात टाकतं आणि रीबूटनंतर तिथूनच उचलतं.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी मेमरीत मोनालिसाचं चित्र भरून वीज तोडली. ५ सेकंदांनी बाई जवळजवळ जशीच्या तशी, ३० आणि ६० सेकंदांनी विटत गेलेली, ५ मिनिटांनी नुसते पट्टे. मग कीबोर्ड साफ करायचा एअर डस्टर असतो ना, तो उलटा धरून चिप्सवर मारला, तापमान उणे ५० च्या आसपास, आणि १० मिनिटं वीज नसतानासुद्धा १ टक्क्याहून कमी बिट गेले!! त्यातून बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट, ट्रूक्रिप्ट ह्या डिस्कला कुलूप घालणाऱ्या (एन्क्रिप्शन करणाऱ्या) सगळ्या प्रोग्राम्सच्या किल्ल्या काढल्या. २०१३ मध्ये जर्मनीत एर्लांगेन विद्यापीठाच्या पोरांनी गॅलेक्सी नेक्सस फोन चक्क फ्रीजरमध्ये ठेवून हेच केलं.

आता तुमची बाजू. नंतरच्या मशीनमध्ये रॅममधला डेटा स्क्रॅम्बल करून, म्हणजे घुसळून, ठेवतात, रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, फर्मवेअर (मशीन चालू करणारा बोर्डावरचाच प्रोग्राम) सुरू होताना मेमरी पुसतं (ती पुसायची सूचनाच बदलता येते हे २०१८ मध्ये एफ-सिक्युअर ह्या सुरक्षा कंपनीवाल्यांनी दाखवलं, असो). आणि आपल्यासारख्याच्या लॅपटॉपवर गारेगार स्प्रे मारायला कोण येतंय. पण बॅगेत स्लीपवर टाकलेला लॅपटॉप चोरीला गेला तर रॅमला वीज चालूच आहे, किल्ली आतच आहे, लेखात मला एवढंच सांगायचं होतं आणि ते मी धड सांगितलं नाही. एन्क्रिप्शन असेल तर प्रवासात पूर्ण बंद करा, आणि लगेच बॅगेत न कोंबता दोन-चार मिनिटं समोरच राहू द्या.

माळ्यावर एखादा डीडीआर२ (रॅमची जुनी पिढी) वाला जुना लॅपटॉप पडला असेल तर करून बघा, फक्त मॅलॉकने नको.